छोट्या गावातली वकिली आणि फेडरल जजची खुर्ची

प्रश्न : मुलगी अमेरिकेत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेडरल (म्हणजे केंद्राच्या कोर्टातली) जज व्हायचं म्हणते, पण मोठ्या फर्मऐवजी छोट्या गावातल्या वकिलाच्या हाताखाली काम करणार आहे. याचा मेळ कसा बसायचा? आणि परीक्षा कोणती द्यावी लागते? – एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, परीक्षा नसते. आपल्याकडे एमपीएससीतून दिवाणी न्यायाधीश होता येतं, तिथे ती वाट नाही. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट मंजूर करतं, नेमणूक तहहयात. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या (केंद्राचे खटले पहिल्यांदा जिथे चालतात त्या कोर्टाच्या) जजसाठी त्या राज्यातल्या सिनेटरांचा शब्द फार चालतो. त्यामुळे त्या भागातल्या वकिलांमध्ये नाव असणं ही मोठी जमेची बाजू.

छोट्या गावातल्या वकिलीतून फेडरल जज झालेल्या फ्रँक जॉन्सन यांचंच बघा. जन्म १९१८चा, अलाबामातल्या विन्स्टन काउंटीतला. महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झाले. १९४६पासून जॅस्पर नावाच्या छोट्या गावात वकिली, १९५३मध्ये केंद्राचे सरकारी वकील. १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमरीला जज नेमलं, तेव्हा वय ३७च्या आसपास. यात पक्षाचाही हात होता, हे मुलीला स्पष्ट सांगा: डेमोक्रॅटांच्या अलाबामात ते रिपब्लिकन होते आणि आयझेनहॉवरही रिपब्लिकनच.

पुढच्याच वर्षी माँटगोमरीच्या बसमधल्या वर्णभेदाचा खटला आला. तिघांच्या पीठात सगळ्यांत नवखे तेच. दोन विरुद्ध एक मतानं भेदभाव घटनाबाह्य ठरला आणि जॉन्सन हे दोनांतले एक होते. १९६५मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमरी मोर्चाला त्यांनी आधी थांबवलं, दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे ऐकले, मगच परवानगी दिली. आदेशात रस्त्याचाही विचार होता: दोन पदरी भागात तीनशेच माणसं चालतील. मला त्यांचं मोठेपण या ओळीत दिसतं. हक्क मान्य केला आणि तो कसा बजावायचा तेही ठरवून दिलं. याची किंमत घरच्यांनी मोजली. १९६७मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्या बचावल्या.

तेव्हा गावातल्या कामाला अडवू नका. मात्र त्या ऑफिसात स्वतः कोर्टात उभं राहायला मिळेल ना, एवढं तिनं आधी विचारून घ्यावं. नुसते करारनामे तपासण्यात वर्षं गेली, तर या वाटेवर त्याचा फारसा उपयोग नाही. पदवीनंतर वर्षभर एखाद्या डिस्ट्रिक्ट जजकडे क्लार्कशिप (जजच्या हाताखाली कायद्याचा शोध आणि निकालाचे मसुदे करण्याचं काम) मिळाली तर उत्तमच. पुढे सरकारी वकील किंवा पब्लिक डिफेंडर (ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांची बाजू मांडणारा), दोन्ही रस्ते चांगले. जजपदासाठी आलेल्या नावांची पात्रता तपासणारी वकिलांची संघटना, अमेरिकन बार असोसिएशन, साधारण बारा वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा धरते, म्हणून पस्तिशीच्या आत घाई करू नका. क्लार्कशिपचे अर्ज मात्र लॉ स्कूलमध्ये असतानाच करायचे असतात. तिला या आठवड्यातच कॉलेजच्या करिअर ऑफिसात जाऊन तारखा विचारायला सांगा.