चाट (कात) चघळल्याने किडनी आणि कोलेस्टेरॉलवर काय परिणाम होतो?

भाऊ अदिस अबाबात नोकरीला आहे, मित्रांसोबत चाट (तिकडे चघळतात ती उत्तेजक पानं, खायची चाट किंवा विड्यातला कात नव्हे) चघळतो आणि 'याने चरबी उतरते' म्हणतो, खरं का, असं तुम्ही विचारलंय. चरबीचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

मी इथिओपियात हरार शहराजवळ कॉलेजात शिकवायला होतो. क्वार्टरमध्ये सोबत एक सीनियर सर, साठीकडे झुकलेले, नागपूरकडचे. शनिवारी दुपारी जवळच्या अवदाय गावच्या बाजारातून केळीच्या पानात गुंडाळलेली चाटची जुडी यायची. कोवळे शेंडे खुडून गालात ठेवायचे, जोडीला शेंगदाणे आणि कोक. बैठक अंधार पडेपर्यंत. मग ना जेवण, ना झोप. पुढे सरांनी रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरलेले. झालं! रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला, येईल त्याला दाखवायचे. अहो सर, भूक मेली होती तुमची! चाटच्या पानातलं कॅथिनोन म्हणजे ॲम्फेटामाइन या भूक मारणाऱ्या उत्तेजक औषधाचा चुलतभाऊ. जेवण तुटलं की आकडे हलणारच, त्यात पानाचं काय कौतुक? कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या बाकी चरबीवरच्या प्रयोगांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत.

एका शनिवारी रात्री सरांची लघवीच अडकली. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी) आधीच वाढलेलं, त्यात कॅथिनोनने मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं. बजाज बोलावली (तिकडे रिक्षाला बजाजच म्हणतात). प्रत्येक खड्ड्याला सर माझा दंड आवळत होते. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे जीवात जीव आला. सकाळी शुद्धीवर येऊन म्हणतात कसे, "कोक बाधला."

किडनीचं म्हणाल तर उंदरांना भरपूर मात्रा दिल्यावर इजा दिसली आहे. माणसांत थेट पुरावा तोकडा आहे. पण चाटने रक्तदाब आणि नाडी वाढते, आणि सतत चढलेला रक्तदाब किडनीला सोडत नाही. पानांवरची कीटकनाशकं वेगळीच. भावाला बीपी मोजायला सांगा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्यायला सांगा. आणि येताना जुडी बॅगेत नको, कॅथिनोन आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं.

मी डॉक्टर नाही. महिन्यातून एकदा चघळणाऱ्या तरुणाला यातलं काही होणारही नाही कदाचित. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर मात्र चाटची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

आणि सर, वाचत असाल तर: तुमचा आधीचा, जास्त आकड्यांचा रिपोर्ट भरपेट जेवून दिलेल्या रक्ताचा होता. तुलना कसली करता?