तुम्ही विचारलंत : लेकरांसाठी लिहिताना

मागच्या अंकात मी दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेवरच्या माझ्या चित्रपुस्तकाबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, व्हॉट्सॲपवरही मेसेज आले. सगळ्यांना इथं जागा देता येत नाही म्हणून काही निवडलेत. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी जसेच्या तसे.

प्रश्न : ताई, तुमच्या पुस्तकात मी मोजले, जेमतेम ३०० शब्द आहेत. एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? मग दिवसभर काय करता तुम्ही? (अंबाजोगाईहून एक वाचक)

त्या ३०० शब्दांना १४ महिने लागले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर. तेव्हा मी इथंच होते, घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी होते आणि घरी आलं की वहीत लिहून ठेवत होते. त्यामुळं पहिला खर्डा झाला ४ हजार शब्दांचा, त्यात मांजरा धरण कसं आटलं, टँकर किती, भांडणं कशी, सगळं होतं. तो घेऊन मी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या लेकरांना वाचून दाखवायला बसले आणि दुसऱ्याच पानाला पोरं खिडकीतून बाहेर बघायला लागली. मी वाचत राहिले. मग "डब्यात माणसं नव्हती, पाणी होतं" हे वाक्य आलं आणि मागच्या ओळीतलं एक पोरगं गुडघ्यावर उभं राहून म्हणालं, "मग त्यात पोहता येतंय का?" माझं पुस्तक तिथून सुरू झालं. त्याच्या आधीचं सगळं मी काढून टाकलं.

रोजचं म्हणाल तर पहाटे ५ ते ८ लिहिते. ज्या दिवशी नळाला पाणी येणार असतं त्या दिवशी लिखाण नाही, तो दिवस पाणी भरण्यातच जातो, लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. नंतर प्रूफं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, चित्रकाराशी फोन, आठवड्यातून एक-दोन वेळा कुठल्यातरी शाळेत वाचन. आणि दुपारी डमी. ए-फोरचे ४ कागद एकात एक घालून मधून दुमडले की १६ पानांचं कोरं पुस्तक तयार होतं, त्यात मी वाक्यं कापून कापून चिकटवते. १६ च का, तर प्रेसमध्ये मोठ्या कागदावर एकदम ८ नाहीतर १६ पानं छापतात, त्याला फॉर्म म्हणतात, म्हणून चित्रपुस्तकं बहुतेक १६, २४ नाहीतर ३२ पानांची असतात, मला सतरावं पान पाहिजे म्हणून मिळत नाही. त्यात शीर्षकाचं पान आणि प्रकाशकाची माहिती गेली की गोष्टीला उरतात १३-१४.

खरी मेहनत पान उलटण्याची आहे. "नळ उघडला आणि" एवढंच उजव्या पानावर ठेवायचं, पुढचं पान उलटल्यावर. लेकराचा हात पानाच्या कोपऱ्यावर गेला पाहिजे. हे नुसतं वाचून कळत नाही, डमी हातात धरून, उभं राहून, मोठ्यानं वाचावं लागतं, आणि जिथं माझा श्वास तुटतो तिथलं वाक्य मी तोडते.

प्रश्न : तुमच्या पुस्तकात "काय करायलाव", "लेकरू" असलं येतं. माझी मुलगी तिसरीत आहे. तिनं परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील ना? मुलांची भाषा बिघडणार नाही का? (एक आई, नांदेड)

ताई, मार्कांची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. म्हणूनच माझ्या पुस्तकात गोष्ट सांगणारी भाषा शाळेतलीच असते, पण माणसं बोलायला लागली की ती आपल्याकडं बोलतात तशीच बोलतात. लातुरातली आजी "काय करत आहेस बाळा" म्हणत नाही हो. आणि नांदेडलाच बघा, घरी तेलुगू, दखनी नाहीतर गोरमाटी बोलणारी लेकरं शाळेत मराठी लिहितातच की. कुठं काय बोलायचं ते लेकराला बरोबर कळतं.

एक जुनं दुखणं सांगते. येळवशीवर, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात साजरा होणाऱ्या आपल्याकडच्या सणावर, माझी एक गोष्ट होती. छापून आली तेव्हा बघितलं तर "भज्जी"ची "भाजी" झालेली आणि "खोपी"ची "झोपडी". शेवटचं प्रूफ माझ्याकडं आलंच नव्हतं. आता भज्जी म्हणजे भाजी नाही आणि भजीही नाही, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, चिंच असं सगळं एका पातेल्यात रटरट शिजतं आणि आंबिलीबरोबर शेतात बसून खायचं असतं, आणि खोप कडब्याची असते, तिच्यात पूजा मांडतात. औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी ते पुस्तक नेलं तर चौथीतल्या पोरीनं वाचून खाली ठेवलं, म्हणाली, "ही आपली येळवस नाही." मला काही बोलताच आलं नाही. तेव्हापासून हस्तलिखिताच्या शेवटी मी एक यादी जोडते, न बदलायचे शब्द, प्रत्येकापुढं एका ओळीत अर्थ. करारातही लिहून घेते की शेवटचं प्रूफ मला दाखवल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो, लेकरं मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा वाचायचंच विसरलेली असतात. त्यांच्यासाठी पुस्तकांचं काय करता येईल?

सर, यावर माझ्याकडं तयार इलाज नाही, जे करून बघितलंय तेवढं सांगते. पोरं हंगामी वसतिगृहात गावातच राहिली तर सगळ्यात चांगलं, पण कितीदा बारकं भावंडं सांभाळायला म्हणून थोरलीला नेतातच. मग पुस्तकंही नेऊ द्या. हे म्हणणं सोपं आहे हे मला कळतं, कारण पुस्तक साठा रजिस्टरला चढलेलं असतं आणि हरवलं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून आम्ही एका शाळेत दिवाळीच्या आधी आठ दिवस लेकरांकडूनच पुस्तकं करून घेतली. वर सांगितलेली तीच डमी, ४ कागद, मधून सुई-दोऱ्यानं शिवलेली, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. अर्ध्या पानांवर गोष्ट, अर्धी पानं कोरी. प्रत्येकाला दोन, हरवलं तरी कुणी विचारणार नाही.

एप्रिलमध्ये त्यातली ११ परत आली. एकीचं पुस्तक उसाच्या पाचटाचा वास घेऊनच आलं होतं. कोऱ्या पानांवर तिनं कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, काढली होती, कोपीत चूल, बाहेर वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या, आणि कोपऱ्यात चंद्र, खाली लिहिलं होतं, "आई फडात गेली तवा चंद्र होता. मी बाळाला धरून बसले." ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, जोडाक्षरं चुकली होती, पण पोरगी लिहायचं विसरली नव्हती सर. मला ते पुस्तक माझ्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं, मी त्याचा फोटो काढून ठेवलाय, पुस्तक मात्र तिचं तिला परत दिलं.

तयार पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, फुकट वाचता येतात आणि शाळेसाठी प्रिंटही काढता येते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं स्वस्त असतात. पालकांच्या मोबाइलवर ४-५ गोष्टी आधीच उतरवून द्या, रेंजचा भरवसा नसतो.

प्रश्न : बालसाहित्यावर घर चालतं का? मलाही लिहायचंय, आधी चित्रं काढून घ्यावी लागतात का? (एक तरुण वाचक, जालना)

चालत नाही, निदान माझं तरी नाही. मी शिकवण्या घेते, भाषांतरं करते. हिशेब असा की पुस्तक ८० रुपयांचं, रॉयल्टी १० टक्के, ती चित्रकार आणि मी अर्धी अर्धी, म्हणजे मला प्रतीमागं ४ रुपये. हजार प्रती खपल्या तर ४ हजार, आणि हजार खपायला दोन वर्षंही लागतात.

माझ्या पहिल्या पुस्तकाचे सगळे हक्क मी एकरकमी देऊन टाकले होते, कागद न वाचता. तू तसं करू नको. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. मुदत, रॉयल्टी, पुढच्या आवृत्त्या, इतर भाषांतले अनुवाद, हे चार शब्द करारात कुठं आहेत ते बोट ठेवून शोध आणि मगच सही कर.

चित्रं नको. नुसती गोष्ट पाठव, चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशकच निवडतो. पण लिहिताना चित्राला जागा ठेव, "लाल फ्रॉक घातलेली मुलगी" असं लिहू नको, फ्रॉक चित्रात दिसणारच आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझी गोष्ट कुठं पाठवू? (परभणीहून)

'किशोर'ला पाठव, बालभारती १९७१ पासून ते मासिक काढतंय आणि मुलांचं लिखाण त्यात येतं. नाव, इयत्ता, शाळा, पत्ता नीट लिही आणि एक कॉपी स्वतःकडं ठेव. नाही छापली तर दुसरी पाठव. आणि पाठवायच्या आधी घरातल्या एखाद्या बारक्याला वाचून दाखव, तो कुठं उठून जातो ते बघ.

प्रश्न : पाण्याच्या रेल्वेच्या पुस्तकात शेळी कुठं गेली? (इयत्ता पहिली, रेणापूर. पत्र आईनं लिहून दिलंय)

बाळा, तुझं पत्र आलं तेव्हा मी पुस्तक उघडून बसले. ५व्या पानावर शेळी घागरीजवळ उभी आहे, ७व्यावर तिचं नुसतं शेपूट दिसतंय आणि त्यानंतर ती कुठंच नाही. पाणी आलं, सगळे प्यायले, आजी प्यायली, आणि शेळीला आम्ही विसरलो. एवढ्या मोठ्या माणसांनी ते पुस्तक तपासलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं. मी लगेच चित्रकारदादाला फोन केला. नवीन आवृत्ती निघेल तेव्हा १४व्या पानावर, आजीच्या खाटेच्या बाजूला, एक घमेलं ठेवणार आहोत आणि शेळी त्यात तोंड घालून पाणी पीत असेल. दादा विचारतोय, तिच्या गळ्यात घंटी बांधू की लाल दोरी? आईला सांगून कळव.