चाळून भरले तरी तांदळात किडे कसे?

प्रश्न: तांदूळ चाळून, निवडून डब्यात भरते, झाकण पण घट्ट लावते, तरी काही दिवसांनी सोंडकिडे फिरताना दिसतातच. बोरिक पावडर लावू का?

उत्तर: नको ताई, खायच्या धान्याला बोरिक पावडर अजिबात लावू नका. किडे बहुतेक वेळा तांदळासोबतच घरात येतात, मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, मग कितीही चाळा ते दिसणार कसं, अळी आतून दाणा पोखरत वाढते आणि पूर्ण किडा झाल्यावरच बाहेर पडते. म्हणून तांदूळ आणले की घट्ट बंद पिशवीत ४-५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, उणे १८ अंशाला अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका हं, थंडावा पूर्ण जाऊ दे, नाहीतर दाण्यांना पाणी सुटून बुरशी धरते. आणि डब्यात जुन्या तांदळावर नवीन ओतायची सवय सोडाच, आधी डबा रिकामा करून धुवा, झाकणाच्या खाचेत पीठ साठलेलं असतं ते काढा, खडखडीत वाळवा. ब्राऊन राईस मात्र थोडाच आणा, कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो, तो फ्रिजमध्येच बरा.