वचनाकडे परतणारी मंडळी

प्रश्न : आमच्या मंडळीत कार्यक्रम भरपूर होतात, पण उपासनेत जीव राहिलेला नाही. पवित्र शास्त्राकडे परतल्याने मंडळी खरोखर नवी होते का?

उत्तर : होते, मात्र ते परतणे वाचनात दिसावे लागते. १ जानेवारी १५१९ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ग्रोसमुन्स्टर चर्चमध्ये धर्मसुधारक उल्रिख झ्विंग्ली यांनी नेमून दिलेले तुटक पाठ बाजूला ठेवले आणि मत्तयकृत शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून क्रमाने समजावून सांगण्यास आरंभ केला. १५२५ पासून तेथे पाळक व विद्यार्थी एकत्र जमू लागले. जुन्या करारातील एकच उतारा आधी लॅटिनमध्ये, मग हिब्रूत, मग ग्रीकमध्ये वाचला जाई आणि शेवटी त्याचा अर्थ लोकांना त्यांच्याच जर्मन भाषेत सांगितला जाई. ही शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी याच पायरीसाठी अनेक वर्षे वेचली : हिब्रू आणि ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायकांनाही कळेल अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले आणि १९२२ मध्ये निधन होण्यापूर्वी ते काम तडीस नेले. तुम्हीही एखादे शुभवर्तमान निवडा, दर रविवारी त्याचा पुढचा भाग घ्या आणि अवघड वचन आले तरी ते गाळू नका.