दोघांची एक गाडी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुला जमिनीलगत बसणारी, स्टिअरिंगला लगेच दाद देणारी, मॅन्युअल गिअरची सेडान हवी आहे. तुझ्या जोडीदाराला हवी आहे उंच, ऐसपैस, ऑटोमॅटिक एसयूव्ही. गाडी एकच घ्यायची, चालवणार दोघं, आणि मागच्या सीटवर आठ महिन्यांचं बाळ. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘जाऊ दे, मधलीच कुठली तरी घेऊन टाकू.’ त्याबद्दलच आधी लिहितो: केवळ मधली आहे म्हणून कुठलीही गाडी घेऊ नका.

मधली म्हणून जी छोटी क्रॉसओव्हर दाखवतात, ती बहुतेक वेळा एखाद्या हॅचबॅकच्याच सांगाड्यावर, थोडी उचलून बांधलेली असते. आतली रुंदी जवळपास तीच, डिकीही फार मोठी नाही. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त कलते. ते कलणं आवरायला स्प्रिंग आणि अँटिरोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा, कलणं रोखणारा दांडा) कडक ठेवावे लागतात. मग एकच चाक खड्ड्यात गेलं तरी आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. तुला हवं होतं ते स्टिअरिंग मिळालं नाही, त्याला हवी होती ती जागा मिळाली नाही, आणि पुढची आठ-दहा वर्षं दोघं ती चालवणार. या वर्गात चांगल्या गाड्या आहेत, नाही असं नाही. पण त्यातली एखादी घ्यायची तर ती मोजमापात उतरली म्हणून घ्या, भांडण मिटावं म्हणून नको.

‘सेडान’ आणि ‘एसयूव्ही’ हे शब्द काही दिवस घरात काढूच नका. दोघांनी वेगवेगळे कागद घ्या आणि त्यावर गाडीचं नाव, कंपनी, प्रकार काहीही न लिहिता फक्त एवढंच लिहा: गाडीत चढता-उतरताना, बसल्यावर, चालवताना, सामान भरताना अंगाला काय सोसत नाही आणि काय बरं वाटतं. ‘मला एसयूव्ही हवी’ म्हणणाऱ्याला नक्की काय हवं असतं? गुडघे न दुमडता आत बसता यावं, लांबचा रस्ता दिसावा, गाडी खाली घासू नये, सामान मावावं, सुरक्षित वाटावं, की नुसतं ते रूप आवडतं? यातल्या प्रत्येक गोष्टीचा उपाय वेगळा आहे, आणि सगळे उपाय एसयूव्हीतच मिळतात असं अजिबात नाही.

चढण्या-उतरण्याचं घे. मोजपट्टी घेऊन जमिनीपासून सीटच्या बैठकीपर्यंतची उंची मोजा. खालच्या सेडानमध्ये ती साधारण 50 सेंटिमीटरच्या आसपास असते, क्रॉसओव्हरमध्ये 60 ते 65, मोठ्या एसयूव्हीत 70 च्या पुढे. उभ्या माणसाने फक्त मागे सरकून बसायचं, खाली कोसळायचंही नाही आणि वर चढायचंही नाही, ही उंची प्रत्येकाची वेगळी असते. दोन-चार गाड्यांत बसून त्याच्या आणि तुझ्या सोयीची सीटची उंची लिहून काढा. बरेचदा कळतं की त्याला 62 हवी आहे आणि तुला 56 पर्यंत चालतं. मग अंतर सहा सेंटिमीटरचं उरतं, आणि सीट वर-खाली होत असेल तर त्यातलं बरंचसं तिथेच भरून निघतं. दाराचा उंबरठा किती रुंद आहे तेही पाहा. तो रुंद असला तर सीटची उंची बरोबर असूनही पाय लांब टाकावा लागतो.

लांबचं दिसणं म्हणजे नुसती उंची नव्हे. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब जाड असतील तर वळताना रस्ता ओलांडणारा माणूस पुरता त्यांच्यामागे लपतो. बॉनेट उंच असेल तर गाडीच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल दिसत नाही, आणि घरात आता चालायला शिकणारं मूल आहे. हे तपासायला एकाने सीटवर बसावं आणि दुसऱ्याने मीटरभर उंचीची काठी उभी धरून समोरून गाडीकडे यावं. काठीचं टोक दिसेनासं झालं की थांबायचं आणि तिथपासून बंपरपर्यंतचं अंतर मोजायचं. मग हेच मागच्या काचेतून, कॅमेरा बंद ठेवून. पाच मिनिटांचं काम आहे. जिथे हे अंतर जास्त येईल ती गाडी मी तरी यादीतून काढेन, बाकी ती कितीही आवडली तरी.

खाली घासण्याचा प्रश्न असेल तर माहितीपत्रकातल्या ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतल्या अंतराच्या, आकड्यावर थांबू नका. तो अनेकदा रिकाम्या गाडीचा असतो, आणि पाच माणसं नि सामान भरल्यावर गाडी बरीच खाली बसते. शिवाय पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असेल तर उंच स्पीडब्रेकरवर पोट टेकतं, आणि पुढचा बंपर चाकांच्या फार पुढे आलेला असेल तर उतारावर तो आधी घासतो. तुमच्या रोजच्या वाटेवरची सगळ्यात वाईट जागा कुठली ते ठरवा आणि माणसं भरून तिथूनच गाडी नेऊन बघा.

सुरक्षिततेबद्दल त्याला स्पष्ट सांग: उंच असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड गाडीला धडकेत फायदा मिळतो हे खरं, पण गुरुत्वमध्य वर असला की उलटण्याचा धोका वाढतो. स्टिअरिंग अचानक वळलं तर गाडी सावरणारी स्थैर्य नियंत्रण यंत्रणा असलीच पाहिजे. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरो एनकॅपसारख्या संस्थांचे तारे बघताना सोबत वर्षही बघा. या चाचण्या दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे 2012 चे पाच तारे आणि 2023 चे पाच तारे एकाच मापाचे नाहीत. आणि चारही चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी लवकर थांबेल हा समज काढून टाका. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. थांबायला किती अंतर लागेल ते टायरच्या पकडीवर ठरतं.

आता तुझ्या बाजूकडे. तुला सेडान आवडते त्यामागे माझ्या मते तीन गोष्टी आहेत: गाडीचा तोल, आतली शांतता आणि गिअर. यातली बरीचशी मजा टायरने येते आणि जाते, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. टायरवर 205/55 आर 16 असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, आणि रबराच्या बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, सुमारे 113 मिलिमीटर. शेवटचा 16 हा आतल्या रिमचा इंचांतला व्यास. त्याच गाडीच्या महागड्या प्रकाराला 225/40 आर 18 बसवतात तेव्हा ती उंची 90 वर येते. बाहेरचा घेर जवळपास तोच, पण खड्डा पचवणारं रबर दोन सेंटिमीटरहून अधिक कमी झालं. वळणावर गाडी चटपटीत वाटते, पण खड्ड्याचा दणका थेट आत येतो, रिम वाकायची भीती वाढते, आवाजही बहुधा वाढतो. तुमच्यासारख्या घरात मी लहान रिमचा प्रकार निवडेन. त्यासाठी वरच्या प्रकारातली एखादी सोय सोडावी लागली तरी हरकत नाही. टेस्ट ड्राइव्हला जी गाडी देतात ती बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या प्रकाराची असते, म्हणून बसण्याआधी टायरवरचा आकडा वाचून घे. नाहीतर चालवायची एक आणि घरी आणायची दुसरीच, असं होतं.

गिअरच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूने आहे. मॅन्युअल आवडणाऱ्याला ऑटोमॅटिक चालवता येते. गर्दीत क्लच दाबून पाय भरून येणाऱ्याला मॅन्युअल रोजची शिक्षा होते. पण ऑटोमॅटिक म्हणजे कुठली, हे तू ठरव. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी, गर्दीत सगळ्यात मवाळ आणि टिकाऊ. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या रहदारीत छान, पण जोरात दाबली की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. तुला ते रुचणार नाही. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेलं, झपाट्याने गिअर बदलतं, तुला तेच आवडेल. मात्र त्यातले कोरडे क्लच सतत सरक-थांब रहदारीत तापतात, म्हणून घ्यायचं तर तेलात बुडालेल्या क्लचचं बघ. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच यंत्र दाबतं. स्वस्त आणि साधं, पण प्रत्येक गिअरला मान पुढे जाते. चढावर गाडी मागे सरकते का तेही बघून घे. स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या असलेलं टॉर्क कन्व्हर्टर तुम्हा दोघांना जमेल असं वाटतं.

आवडीनिवडीपेक्षा जास्त निर्णय बाळाची सीट घेईल. संयुक्त राष्ट्रांच्या मुलांच्या सीटविषयीच्या आर 129 नियमाखाली बनलेल्या सीटमध्ये मूल किमान 15 महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करून बसवायचं असतं, आणि त्यानंतरही जितके दिवस सीटची मर्यादा चालू देते तितके दिवस तसंच बसवावं. मागे तोंड केलेली सीट लांबीला खूप जागा खाते. म्हणून तुमची स्वतःची सीट शोरूमला घेऊन जा. तुम्हा दोघांत जो उंच त्याने आधी पुढची सीट नीट लावावी, मग तिच्यामागे बाळाची सीट बसवा. पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले तर ती गाडी तुमची नाही. ‘ऐसपैस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथेच बाद होतात, आणि एखादी साधी स्टेशन वॅगन (सेडानसारखीच, पण छत डिकीवरून शेवटपर्यंत नेलेली) पास होते. बाळाची सीट गाडीला पक्की अडकवणाऱ्या आयसोफिक्सच्या दोन कड्या बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात, एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर असतात. त्या बोटाने सहज सापडतात का बघा. बाळाच्या सीटला जमिनीवर टेकणारा आधाराचा पाय असेल आणि गाडीत पायाशी झाकणाचा कप्पा असेल, तर त्या झाकणावर पाय टेकवायला कंपनीची परवानगी आहे का ते पुस्तिकेत वाचा. झाकण पोकळ असलं तर धडकेत ते दबतं. आणि पुढची एअरबॅग चालू असताना मागे तोंडाची सीट पुढे कधीही लावायची नाही.

दोघांच्या उंचीत फरक आहे म्हणून स्टिअरिंग वर-खाली आणि पुढे-मागे, दोन्ही होणारं हवं. नुसतं वर-खाली होणारं असलं तर ठेंगण्या माणसाला पेडलपर्यंत पोचायला छाती स्टिअरिंगला चिकटवून बसावं लागतं. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटिमीटर राहिले पाहिजेत. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. रोज चालक बदलणार असेल तर सीट आणि आरशांची जागा लक्षात ठेवणारी सोय सनरूफपेक्षा लाखपटीने उपयोगी. सनरूफ डोक्यावरची दोन-तीन सेंटिमीटर जागा खातो, आणि उंच माणसाला नेमकी तीच लागते.

डिकीचे लिटर फसवे असतात. प्रचलित पद्धतीत 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे, एकेक लिटरचे ठोकळे भरून मोजतात. ठोकळे कोपऱ्याकापऱ्यात मावतात, बाबागाडी मावत नाही. कोणी काचेपर्यंत मोजतं, कोणी छतापर्यंत. तेव्हा बाबागाडी आणि सगळ्यात मोठी बॅग नेऊन ठेवून बघा. सेडानची डिकी मोठी असली तरी तोंड अरुंद असतं, तिथेच अडतं. सात सीटच्या गाडीवर मन गेलं तर तिसरी रांग उभी असताना मागे किती उरतं ते बघा, आणि कमाल अनुमत वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. सात माणसं बसल्यावर सामानासाठी काही किलोच उरतात अशा गाड्या आहेत.

इंधनावर वाद नको, वापर बघून ठरवा. रोजची धाव थोडक्या किलोमीटरची असेल तर डिझेल नको: धुरातली काजळी अडवणारा फिल्टर ती जाळून साफ व्हायला चांगला तापावा लागतो, छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही आणि तुंबतो. घरी चार्जिंगची सोय असेल तर विजेची गाडी जरूर चालवून बघा. बॅटरी खाली असल्याने गाडी उंच असूनही तोल खाली राहतो, म्हणजे तुमच्या दोघांच्या मागण्या तिथे जवळ येतात. घरी सोय नसेल तर हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली.

एवढं झाल्यावर दोघांच्या यादीत तीन-चार गाड्या उरतील. तेव्हा दोघांपैकी प्रत्येकाला एक गाडी नाकारायचा हक्क द्या, कारण न विचारता. रूप आवडत नाही हेही कारणच आहे, रोज त्या गाडीकडे बघायचं असतं. उरलेल्यांची टेस्ट ड्राइव्ह एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, दोघांनी चालवून घ्या, आणि दोघांनी मागे बसूनही बघा. गाडीतून उतरल्यावर लगेच बोलू नका, आधी आपापल्या कागदावर लिहा. एकाचा उत्साह ऐकला की दुसरा आपली तक्रार गिळतो, आणि ती सहा महिन्यांनी बाहेर येते. दोन गाड्यांत अडकलात तर एकेक गाडी दोन दिवस भाड्याने घ्या. तरीही बरोबरी झाली तर जो जास्त किलोमीटर चालवतो त्याचं मत धरा, आणि रंग व आतलं कापड दुसऱ्याने निवडावं.

दोघांच्या सीटची उंची, बाळाची सीट लावल्यावर पुढे उरलेली जागा आणि काठीचं अंतर, एवढे आकडे मोजून झाले की मला कळव. मग पुढचं बोलू.

कळावे, लोभ असावा.