'केवळ एक सिद्धांत' असं मराठीत म्हणता येईल का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या शाळांत उत्क्रांती शिकवण्यावरून जे खटले झाले, त्यांवरच्या लेखाचा शिक्षकांसाठी अनुवाद करायचा आहे. शीर्षक योजलंय 'उत्क्रांतिवाद विरुद्ध सृष्टिवाद : पब्लिक स्कूलमधला संघर्ष', त्यात 'क्रिएशनिझम'ला, म्हणजे प्रत्येक सजीव प्रकार देवाने वेगळा घडवला या मताला, 'सृष्टिवाद' म्हटलंय, आणि उत्क्रांतीच्या विरोधकांचं 'ओन्ली अ थिअरी' हे पालुपद 'केवळ एक सिद्धांत' असं लिहिलंय. हे शब्द चालतील का?

शब्द कोशात सापडतील, पण या विषयात 'सिद्धांत', 'उत्क्रांतिवाद', 'सृष्टिवाद' आणि 'पब्लिक स्कूल' हे चारही बदलावे लागतील. सर्वांत आधी 'सिद्धांत', कारण वादाचं मूळच त्या शब्दात आहे.

इंग्रजीत 'थिअरी' शब्दाला दोन पदर आहेत. रोजच्या बोलण्यात थिअरी म्हणजे अटकळ. विज्ञानात थिअरी म्हणजे पुराव्यांवर वारंवार पारखलेलं, असंख्य निरीक्षणं एका सूत्रात गोवणारं स्पष्टीकरण. विरोधकांचा युक्तिवाद या दोन अर्थांच्या मधल्या फटीत उभा असतो. जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीच्या शाळा मंडळाने 2002 मध्ये जीवशास्त्राच्या पुस्तकांवर एक स्टिकर चिकटवला. उत्क्रांती ही थिअरी आहे, फॅक्ट नव्हे, असं त्यावर छापलं होतं. जानेवारी 2005 मध्ये संघीय न्यायालयाने तो काढायला लावला. अपिलात प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे आलं आणि 2006 च्या अखेरीस मंडळाने तडजोड करून माघार घेतली. पेनसिल्वेनियातल्या डोव्हर गावी त्याच जानेवारीत नववीच्या वर्गांत जे निवेदन वाचून दाखवलं गेलं, त्यात तर दोन्ही अर्थ लागोपाठ येतात. आधी म्हटलंय की ही थिअरी फॅक्ट नव्हे, तिच्यात फटी आहेत. आणि लगेच व्याख्या दिलीय की थिअरी म्हणजे नीट तपासलेलं स्पष्टीकरण.

मराठीत ही फटच नाही. सिद्धान्त म्हणजे सिद्ध + अन्त. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं मत, मांडायचा, त्याचं खंडन करायचं आणि शेवटी जे टिकून उरतं तो सिद्धान्त. त्यामुळे 'केवळ एक सिद्धांत' हे वाक्य 'केवळ सिद्ध झालेली गोष्ट' असं वाचलं जातं आणि आक्षेप काय आहे तेच वाचकाला कळत नाही. विरोधकांच्या तोंडी 'नुसता तर्क' किंवा 'नुसती अटकळ' घाला. शास्त्रज्ञांच्या तोंडी 'सिद्धांत' ठेवा. डोव्हरच्या निवेदनासारखा मजकूर असेल, जिथे दुहेरी अर्थच दाखवायचा आहे, तिथे मात्र सगळीकडे 'थिअरी' हाच शब्द ठेवून पहिल्या वेळी दोन्ही अर्थ सांगून टाका. एकाच परिच्छेदात कधी 'तर्क', कधी 'सिद्धांत' केलंत, तर मूळ लेखकांनी साधलेली गफलत अनुवादात नाहीशी होईल.

'सिद्धांत' शब्द दुसऱ्या बाजूनेही जरा जड आहे. पायथागोरसचा सिद्धांत एकदा सिद्ध झाला की कायमचा. विज्ञानातला सिद्धांत नव्या पुराव्याने दुरुस्त होऊ शकतो. म्हणून जुना 'उपपत्ती' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात कारणांसह जुळवून दिलेलं स्पष्टीकरण हा अर्थ आहे. पण पाठ्यपुस्तकांत 'सिद्धांत' रुळलाय, तो बदलण्याचा हट्ट नको. फक्त हायपोथेसिसला 'गृहीतक' म्हणा, तिथे 'सिद्धांत' वापरू नका. आणि 'सिद्धांत पक्का झाला की त्याचा नियम होतो' हे वाक्य कुठे आलं असेल तर काढून टाका. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत सांगतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही.

आता 'वाद'. मार्क्सवाद, गांधीवाद या शब्दांतला '-वाद' म्हणजे एखाद्या गटाने स्वीकारलेली विचारसरणी. 'उत्क्रांतिवाद' आणि 'सृष्टिवाद' शेजारी लिहिले की एकाच तोलाची दोन मतं असल्यासारखी दिसतात. लुइझियाना राज्याने 1981 मध्ये दोन्हींना वर्गात 'समतोल वागणूक' देण्याचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 19 जून 1987 रोजी 7 विरुद्ध 2 अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाने नाकारलेला तोल शीर्षकाने परत आणू नये. आपण 'गुरुत्वाकर्षणवाद' म्हणत नाही. सजीव पिढ्यानपिढ्या बदलतात या घटनेला 'उत्क्रांती', त्या बदलाच्या स्पष्टीकरणाला 'उत्क्रांतीचा सिद्धांत', आणि 19 व्या शतकातल्या वैचारिक इतिहासाबद्दल बोलत असाल तरच 'उत्क्रांतिवाद'. लिहिताना सुटा शब्द 'उत्क्रांती' दीर्घ, समासात 'उत्क्रांतिवाद' ऱ्हस्व. 'सृष्टी' आणि 'निर्मिती' यांनाही हाच नियम.

न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा फक्त खोडत राहायचा ती वितंडा. 'उत्क्रांतीत फटी आहेत, म्हणून आमचं खरं' या युक्तिवादाला यातला तिसरा शब्द चपखल बसतो. अनुवादात तो वापरायला संकोच करू नका.

'सृष्टिवाद' का नको? मराठीत सृष्टी म्हणजे निसर्ग, चराचर. सृष्टिवादी म्हटलं की निसर्गपूजक डोळ्यांसमोर येतो. शिवाय वेदान्तात 'दृष्टिसृष्टिवाद' (जग पाहणाऱ्याच्या दृष्टीतूनच घडतं हे मत) हा वेगळाच विषय आहे. 'सृजनवाद' हिंदीतून आलाय आणि सर्जनशीलतेकडे नेतो. 'ईश्वरनिर्मितिवाद' कळतो चटकन, पण फार पसरट आहे. देवाने जग निर्माण केलं असं मानणारा वारकरी किंवा उत्क्रांती मान्य असलेला ख्रिस्ती माणूस या वादातला क्रिएशनिस्ट नव्हे. इथला मुद्दा, प्रत्येक सजीव प्रकार आज आहे तसाच वेगळा घडवला गेला, हा आहे. म्हणून मी 'स्वतंत्र निर्मितिवाद' सुचवेन. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा शब्दशः अर्थ घेणाऱ्यांबद्दल बोलायचं असेल, तर तसं सरळ सांगा.

विरोधकांचा नंतरचा शब्द 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले हा दावा. त्याला 'बुद्धिमान रचना' म्हणणं व्याकरणातच चुकतं. बुद्धी रचनेला नसते, रचणाऱ्याला असते. 'बुद्धिपुरस्सर रचना' नेमकं आहे. यात देवाचं नाव घालू नका, कारण ते गाळण्यासाठीच हा शब्द पुढे आणला गेला. वर आलेल्या निवेदनावरून डोव्हरमध्ये जो खटला झाला, त्यात 'ऑफ पांडाज अँड पीपल' या इंटेलिजंट डिझाइनची बाजू मांडणाऱ्या पुस्तकाचे जुने खर्डे पुढे आले. 1987 च्या निकालाआधी जिथे 'क्रिएशनिस्ट्स' होतं, तिथे नंतर 'डिझाइन प्रोपोनंट्स' घातलं होतं. एका ठिकाणी जुना शब्द पुरता खोडला गेला नाही आणि 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स' असा धेडगुजरी शब्द उरला. शब्दबदलाचा इतका ठळक पुरावा न्यायालयात क्वचितच मिळतो. 20 डिसेंबर 2005 च्या 139 पानी निकालात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ही धार्मिक भूमिकाच असल्याचं म्हटलं.

'पब्लिक स्कूल' मराठी वाचकाला महागड्या खासगी शाळेसारखं वाटेल. अमेरिकेत ती सरकारी शाळा, आणि खटले उभे राहिले ते त्यामुळेच: सरकारने धर्माची बाजू घेऊ नये हे घटनेचं बंधन सरकारी शाळेला लागू होतं, खासगीला नाही. तसंच 'स्कूल बोर्ड' म्हणजे दहावीची परीक्षा घेणारं बोर्ड नव्हे, स्थानिक मतदारांनी निवडलेलं शाळा मंडळ.

शेवटी मजकुरातलं एक वाक्य: 'माकडाचा माणूस झाला'. दुधाचं दही होतं, तेव्हा तेच दूध बदलतं. षष्ठीची ही रचना एका वस्तूचं रूपांतर सांगते. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही, असा आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाला जागा मिळते ती अशाच वाक्यामुळे. 'माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते. सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या' असं लिहा. आणि शीर्षक: 'उत्क्रांतीचे धडे आणि अमेरिकेतल्या सरकारी शाळा'.