मुंबईत स्वतःचं छोटं म्युझिक लेबल काढायचंय. किती भांडवल लागेल आणि टिकेल का?

आमचं चार वर्षं टिकलं. १९९५ ते १९९९, परळच्या चाळीत. भागीदार माझा आतेभाऊ. आम्ही एमपी३ सीडीमुळे बुडालो असं तो अजून प्रत्येक लग्नात पंगतीला सांगतो. साफ खोटं.

कोळीगीतांची पहिली कॅसेट बरी गेली, म्हणून १९९८ ला गणपतीची गाणी काढली. तीन हजार कॅसेट. स्टुडिओ, वादक, ड्युप्लिकेशन, सगळं रोख. इनलेवर, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावर, आतेभावाने ठसठशीत ‘गणेशोत्सव १९९८’ छापायला घेतलं. मी म्हटलं, साल नको, उरला माल तर पुढच्या वर्षी काढता येईल. तर म्हणे, “साल असलं की माल ताजा वाटतो. आणि उरेल कशाला?” एका होलसेलवाल्याने सगळा माल उचलला, उधारीवर. आमच्या शहाण्याने त्याच रात्री वहीत ‘विक्री ३०००’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी गायिकेला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊन आला. (तिचा काही दोष नाही, गायली सुरेख.) अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी चाळीखाली टेम्पो. अठरा खोकी परत, खोक्यात शंभर. टेम्पोचं भाडंही आमच्याच हिशेबातून कापलेलं. दुकानात गेलेला माल विकला गेलेला नसतो, एवढंच मी तेव्हा म्हणत होतो.

भांडवलाचं म्हणाल तर जेवढं रेकॉर्डिंगला घालाल तेवढंच बाजूला ठेवा, वसुली उशिराच होते. आता खोकी परत येत नाहीत, हे मान्य. पण व्ह्यूज म्हणजे कमाई समजणारे आतेभाऊ आजही आहेत. आणि कवी-संगीतकारांकडून हक्क लेखी घ्या, मुदत घालून. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कागदावर मुदत नसेल तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्या कागदावर दोन्ही नव्हतं. तो कागदही कोणी लिहिला होता, ते सांगायला नको.

उरलेल्या बऱ्याच कॅसेटच्या खाचांवर चिकटपट्टी लावून पोरांनी त्यांत रेडिओवरची गाणी भरली. दोन खोकी अजून माळ्यावर आहेत. आतेभाऊ, वाचत असशील तर येऊन घेऊन जा. साल बघून घे.